आईच्या आईचं नाव विचारणारी बाई

रस्त्यात ती बाई दिसली की आमच्या गावचे बापे लोक शेजारच्या बोळात शिरायचे. भीती म्हणून नव्हे. ती कुणावर ओरडली, कुणाला टाकून बोलली, असं मी कधी पाहिलं नाही. पण चार माणसांसारखं "जेवलाव का" असं ती विचारायची नाही. सरळ विचारायची, "तुमच्या आईच्या आईचं नाव काय?" ते सांगितलं की लगेच, "आणि त्यांच्या आईचं?" इथं भलेभले गार व्हायचे. मिशीला पीळ देऊन फिरणारा आमचा पाटील तिच्यासमोर पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिलेला मी डोळ्यानं बघितला आहे. बापाकडच्या सात पिढ्या त्याला तोंडपाठ होत्या. आजीच्या आईपाशी गाडी रुतली.

बाई अमेरिकेची. ख्रिस्ती लोकांत मेनोनाईट म्हणून एक पंथ आहे, त्यातली. लढाई करायची नाही, शपथ घ्यायची नाही, अंगावर गुंजभर सोनं घालायचं नाही, असा त्यांचा धर्म. निजाम गेला, आमचा मुलूख हिंदुस्थानात आला, त्याच्या मागोमाग एक-दोन वर्षांत ती येडशीला अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीतून उतरली आणि स्टेशनच्या रस्त्याला पत्र्याचं घर बांधून राहिली. काम सुईणीचं. पंचक्रोशीतल्या बायका सोडवायची. मी तेव्हा स्टेशनावर बैलगाडी लावायचो. तिनं मला महिन्यानं बांधून घेतलं आणि मग दहा-बारा वर्षं तिला घेऊन मी वाड्यावस्त्या हिंडलो. माझं शिक्षण म्हणाल तर निजामाच्या शाळेत दोन इयत्ता उर्दू. मराठी अक्षरं मला बायकोनं शिकवली आणि बायकोला या बाईनं. म्हणजे हे लिहितोय ते सुद्धा तिच्याच पुण्याईनं.

दिसायला उंच, हाडकुळी. मनगटापर्यंत बाह्यांचा राखाडी झगा, डोक्याला पातळ पांढरी टोपी, तिच्या दोऱ्या हनुवटीखाली बांधलेल्या, आणि पायात आमच्याच चांभाराच्या वहाणा. पोरं टोपीबाई म्हणायची. बाई कोबी बरणीत मिठानं आंबवून खायची. त्याचा वास असा की माझे बैल तिच्या दारात उभे राहायला कुरकुरायचे. माझी बायको मात्र ते वाटीनं मागून आणून भाकरीबरोबर खायची. आधी हैदराबादेकडं असताना कुणा मुन्शीकडं भाषा शिकली होती, त्यामुळं तिचं मराठी अर्धं पुस्तकातलं आणि अर्धं दरबारातलं. सगळ्यांना तुम्ही म्हणायची. पोराला तुम्ही, भिकाऱ्याला तुम्ही, शेळीलाही तुम्ही. माझा डावीकडचा बैल मुलखाचा हट्टी. मी आईबहीण काढली तरी जागचा हलायचा नाही. बाई खाली उतरून त्याच्या कानाशी म्हणायची, "आपण जरा पुढं तशरीफ नेता का?" आणि तो मेला चालायला लागायचा. मी लई मनाला लावून घेतलं होतं ते.

शपथेचा किस्सा सांगतो. माझी गाडी आणि एक टांगा वळणावर धडकले, टांगेवाल्यानं फिर्याद केली. बाई माझ्या गाडीत होती, म्हणून मी तिला साक्षीला नेलं. कारकुनानं म्हटलं, "देवाशपथ खरं सांगेन, असं म्हणा."

"म्हणणार नाही."

"का?"

"आज शपथ घेतली तर रोज मी खोटं बोलते असा अर्थ होईल."

न्यायाधीश भला माणूस होता. म्हणाला, "बाई, दोन शब्दांचं काम आहे. सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणतात आणि मग खोटं बोलतात, हे आपणच रोज ऐकता ना?"

कोर्टात हशा झाला. शेवटी शपथेशिवाय साक्ष घेतली. तिनं काय सांगावं? दोन्ही गाड्या रस्त्याच्या मधोमध होत्या आणि दोघेही गाडीवान मागं वळून गप्पा मारत होते. तिथंच प्रकरण संपलं. परत येताना मी तिच्याशी बोललो नाही. तर बाई मागून विचारते, "तुमच्या आजीबाईंच्या आईंचं नाव अजून आठवलं नाही का?"

हे सारखं आईकडचं विचारणं कशासाठी, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. तिच्या कुंपणाच्या आत कडुलिंबाच्या झाडांची एक ओळ होती. घराच्या दाराशी पहिलं झाड म्हणजे तिची आई. पुढचं म्हणजे आईची आई. असं करत करत विहिरीपाशी शेवटचं, आठव्या जागेवरचं, त्याचं नाव बारबारा. ही बारबारा दोन-अडीचशे वर्षांखाली जर्मन मुलखातून जहाजात बसून अमेरिकेला निघाली. राजानं त्यांच्या पंथाला छळलं म्हणून निघाली. नवरा जहाजावरच वारला, त्याला समुद्रात सोडला. चार लेकी घेऊन ती परक्या किनाऱ्याला उतरली. पंथाच्या लोकांनी जमिनी वाटून घेतल्या आणि हिला म्हणाले, तुला मुलगा नाही, तुझा वाटा दिराच्या नावावर कर. हिनं केला नाही. रान तोडलं, लाकडाचं घर उभं केलं आणि चौघींना तिथंच वाढवलं.

बाई त्यातल्याच एका लेकीच्या वंशातली. पण कुठल्या, ते लागत नव्हतं. तिची एक चुलतबहीण अमेरिकेत देवळादेवळातून जुने कागद चाळून कळवायची. बाकी सगळ्या आयांची नावं सापडली. बारबाराच्या त्या एका लेकीचं नाव मात्र कुठंच नाही. जिथं तिथं 'अमक्याची बायको' एवढंच. म्हणून त्या ओळीत बारबाराच्या अलीकडं एक खड्डा रिकामा होता. दर उन्हाळ्यात बाई त्यात शेणखत घालायची, माती हलवायची, पण झाड लावायची नाही.

"लावा की एखादं," मी म्हणायचो.

"नाव नाही तर बोलावू कशी त्यांना?" ती म्हणायची.

एकदा ढोकीच्या वाटेनं जाताना ती मला बारबाराची कथा परत सांगत होती. मी आडमुठा माणूस, तोंडात आलं ते बोललो. "बाई, ती जमीन मोकळी कशी काय होती? आपल्याकडं बाभळीखालचा वितभर तुकडा बी कुणाचा ना कुणाचा असतोय."

बाईनं ती कथा तिथंच सोडली. येताना सुद्धा बोलली नाही. मला वाटलं, गेलं आपलं गाडीचं काम. चार-सहा महिन्यांनी एक दिवस आपण होऊन म्हणाली, "मी चुलतबहिणीला पत्रातून विचारलं होतं. तिथं आधी दुसरे लोक राहत होते. त्यांना हटवलं होतं. त्यांची नावं कुणी ठेवली नाहीत." त्यानंतर ती कथा सांगायला बसली की सुरुवात अशी करायची, "दुसऱ्यांच्या जमिनीवर माझी बारबारा उतरली." कुणी विचारलेलं नसताना आपल्या घरचं असं उघडं सांगणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. आमच्यात बांध कोरलेला सुद्धा कुणी कबूल करत नाही.

आणखी एक खोड होती, तिच्यावरून गावात लई गदारोळ झाला. पोर जन्मलं, पुसून गुंडाळून झालं, की बाई बाळंतिणीला तिच्या आईचं, आजीचं नाव विचारायची आणि मग पोराच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणायची, "तुम्ही चंद्राचे. चंद्रा मैनेची. मैना काशीची." कुणीतरी उठवलं की बाई कानात मंत्र सांगून पोरं बाटवते. मारुतीच्या पारावर माणसं जमली. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, पुढं होते. बाईला गावात पाऊल टाकू द्यायचं नाही असं ठरत आलं होतं. तेवढ्यात बांगड्या विकणारे मणियार चाचा पेटी खाली ठेवून उभे राहिले.

"आबा, माझी लेक बाळंत झाली तवा म्या दाराशीच होतो," ते म्हणाले. "आधी आमची अजान झाली. मग ही बाई म्हणली, चाचा, आता मी दोन शब्द बोलू का. म्या म्हणलं बोला. तर हिनं पोराच्या कानात माझ्या सासूचं नाव घेतलं. मरून किती वर्सं झाली, घरात कुणी तिचं नाव काढलं न्हवतं. माझी बायको रडायली. याला बाटवणं म्हणायलाव तर आमी सगळेच बाटलो."

पारावरची म्हातारी माणसं खाली बघायला लागली. आबा म्हणाले, "तुमची सासू लई खाष्ट होती म्हणायचे की." चाचा म्हणाले, "होती. पण होती तर खरी." लोक हसले आणि ती बैठक तशीच मोडली.

आमची शेवंता याच बाईच्या हातची. बायको, गोदा तिचं नाव, मरता मरता वाचली. पोर आडवं होतं. बाई दोन्ही हात कोपरापर्यंत धुऊन बसली ती दुसऱ्या दिवशी उठली. उठल्यावर मला अंगणात बोलावून म्हणाली, "दोघी बऱ्या आहेत. पण आता पुन्हा मूल नको. झालं तर गोदाबाई जगणार नाहीत." मी मान हलवली. मला गोदा जगली एवढंच पुष्कळ होतं.

आबांना नव्हतं. मी एकच मुलगा. पोरगी चार-पाच वर्षांची झाली तसं घरात रोज चालू झालं. दुसरी करा. सरकारनं कायदा केला होता, पण गावात कायदा बघतो कोण. तामलवाडीची एक मुलगी सांगून आली होती. आबा मला म्हणायचे, बहीण म्हणायची, पुढं पुढं गोदा सुद्धा म्हणायला लागली. भाकरी थापता थापता म्हणायची, "करून टाका. तिला चुलीपुढं बसवा, मी जाते बाईच्या घरी कोबी आंबवायला." हसून म्हणायची, पण तिच्या पेटीत तिनं आपली दोन लुगडी वेगळी बांधून ठेवलेली मी बघितली होती. मला दुसरी नको होती. पण आबांपुढं उभं राहून तसं म्हणायची आमच्या घरात रीत नव्हती. मी गाडी जुंपून निघून जायचो.

अशात हेळवी आला.

हेळवी म्हणजे घराण्याची वंशावळ सांगणारा. कानडी मुलखातून, गुलबर्ग्याकडून येतात. घरं वाटून घेतलेली असतात. एका हेळव्याची घरं दुसरा घेत नाही. त्यांचा मूळ पुरुष लंगडा होता म्हणतात, म्हणून बैलावर बसूनच दारात येतात आणि बैलावरूनच बोलतात. आमचा हेळवी आठ-दहा वर्षांनी एकदा यायचा. कागद नाही, पत्र नाही, सगळं तोंडपाठ. आणि त्यांची एक रीत. वंशावळ म्हणून झाली की घरातलं माणूस त्याच्या झोळीत धान्य घालतं. ज्याच्या हातचं धान्य पडेल त्याचं नाव शेवटाला घ्यायचं आणि बैल वळवायचा. नाव घेतल्याशिवाय बैल वळवला तर त्याच्या धंद्याला पाप. दर खेपेला धान्य आबाच घालायचे.

त्या दिवशी सगळी गल्ली जमली होती. हेळव्यानं गळा मोकळा केला. "मूळ पुरुष धोंडजी. त्याचा सटवाजी. त्याचा येसू. त्याचा लिंबाजी..." असं करत आबांपाशी आला, माझ्यापाशी आला आणि थांबला. "फुडं, गौडा?" गौडा हे कानडीतलं मानाचं बोलावणं.

मी म्हणालो, "मुलगी हाय. शेवंता."

हेळव्यानं जिभेचा आवाज केला. "मुलगी न्हाई म्हणत आमी. मंग येल इथं थांबला म्हणायचं का?"

आबांचं तोंड मी त्या आधी तसं कधी बघितलं नव्हतं. भर गल्लीत माणसाचा वेल थांबला म्हणणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. त्यांनी काठी टेकली आणि मला म्हणाले, "उद्याच्याला तामलवाडीला निरोप धाड. आता ऐकून घ्यायचा न्हाय म्या." उंबऱ्याच्या आत गोदा उभी होती. तिनं ऐकलं.

आणि नेमकी तेव्हा बाई आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की घराण्याची नावं सांगणारा माणूस आलाय. शेतातनं आडवी पळत आली होती, टोपी एका कानावर. हेळव्याला बघून तिचा चेहरा असा झाला की जसं कुणी माहेरचं माणूस भेटलं. त्याच्या बैलासमोर धुळीत बसली. "आपण पुन्हा म्हणाल का? मेहरबानी होईल." हेळव्यानं खुशीत येऊन परत म्हटलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "आणि या सगळ्यांच्या आया?"

"आया न्हाई म्हणत, बाई."

"मग हे येसू आणि लिंबाजी आले कुठून?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हेळवी पण हसला. "रीत हाय तशी."

"माझं घर आपल्या घरांत घ्या," बाई म्हणाली. "काय द्यावं लागतं?"

"घोंगडं आणि धान. पण बाई, तुमी..." तो पुढं बोलायच्या आत बाई उठली, घरी गेली आणि आपल्या अंथरुणावरची, चौकोनी तुकडे जोडून शिवलेली जाड गोधडी आणून तिनं बैलाच्या पाठीवर घातली. वर पायलीभर ज्वारी. हेळव्यानं गोधडी हातानं चाचपून बघितली. धंदा तो धंदा. म्हणाला, "सांगा. मूळ पुरुष कोन?"

"मूळ बाई. बारबारा."

तो जरा घुटमळला. मग मान डोलावली. "बारबारा. तिची?"

"तिची..." बाई अडली. "तिचं नाव सापडलं नाही. किती वर्षं झाली, शोधते आहे. चार लेकी होत्या. त्यातली एक."

"पण होती ना?"

"होती."

"मंग कशाला अडायलाव?" हेळवी म्हणाला. "आमच्या समद्या घरात अशी जागा हाय. पटकीत, दुष्काळात नावं जात्यात. तितं आमी बैलाच्या वशिंडावर थाप मारतो, 'एक बाप' म्हणतो आणि फुडं जातो. तुमचं 'एक माय' म्हणू."

टोपीच्या दोऱ्या बाईनं सोडल्या आणि परत बांधल्या. तेवढं एकच केलं.

मग त्यानं तिच्याकडून नावं दोनदा ऐकली आणि आपल्या चालीवर लावली. "मूळ माय बारबारा. तिची," बैलावर थाप, "एक माय. तिची फ्रोनी. तिची मागदलीन..." आमच्या गल्लीत, कानडी चालीवर, त्या गोऱ्या बायकांची नावं. पोरं मागून म्हणायला लागली. लोकांना तो तमाशा वाटला, आणि खरं सांगतो, होताही. पण शेवटी बाईचं नाव घेऊन तो थांबला तेव्हा कुणी हसलं नाही.

आबा मात्र पेटले होते. "बाई, तुमच्या मुलखात चालत असंल," ते म्हणाले. "आमच्यात मुलगा न्हाय तर येल न्हाय."

"आबा, बारबारालाही मुलगा नव्हता. तिचा वंश थांबला असं तिच्या दिरानं सांगितलं होतं. मग तुमच्या दारात ही कोण बसली आहे?"

आबा मग जे बोलू नये ते बोलले. "तुमी तरी कुठं लगीन केलंय? तुमच्यापाशी थांबलाच की."

मी खाली बघितलं. बाई उठून उभी राहिली, झग्याची धूळ झटकली. आवाज नेहमीचाच. "होय, माझ्यापाशी थांबला. पण म्हणून मला कुणी घराबाहेर काढलं नाही."

आबा आणखी चिडले. दाराकडं तोंड करून ओरडले, "सूनबाई, सूप आन गं ज्वारीचं. वाटं लावा याला. झाला तमाशा तेवढा बास."

गोदा सूप घेऊन बाहेर आली. डोक्यावर पदर, कडेवर शेवंता. आबांनी हात पुढं केला, सूप घ्यायला. पण ती त्यांच्यापाशी थांबलीच नाही. सरळ बैलापाशी गेली, सूप शेवंताच्या दोन्ही हातांत दिलं आणि पोरीला वर उचललं. पोरीनं सगळी ज्वारी खसकन झोळीत ओतली. थोडी बैलाच्या पाठीवर सांडली, गोधडीवर.

हेळवी झोळीकडं बघत बसला. मग आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "पोर हाय ते. चुकून पडलं."

"गौडा, पडलं की पडलं," तो म्हणाला. "आता नाव न घेता बैल वळवला तर मी कुठल्या दारात जाऊ?" आणि त्यानं गळा मोकळा केला. धोंडजीपासून पुन्हा सगळे बाप घेतले, आबांना घेतलं, मला घेतलं, जरा थांबला, बाईकडं बघितलं आणि म्हणाला, "त्याच्या घरची गोदा. गोदाची शेवंता." मग वशिंडावर थाप मारली, बैल वळवला आणि पुढच्या दारात गेला.

आबा अंगणात तसेच बसून राहिले. दिवे लागायच्या वेळेला माझा चुलतभाऊ आला. "तामलवाडीचा निरोप द्यायचा ना, आबा? सकाळी निघतो म्या."

आबा लई वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "कशाला? येल चाललाय म्हनला की तो."

"पण पोरीचं..."

"हेळवी म्हनला ते म्हनला. त्याच्यावर कोर्ट न्हाय." आणि उठून आत गेले. तो विषय आमच्या घरात परत निघाला नाही. बाईशी ते दोन महिने बोलले नाहीत. मग एक दिवस हुलग्याचं माडगं, म्हणजे पातळ कढण, गडूभरून माझ्याजवळ दिलं. "त्या टोपीवालीला दे. वाळलीया." एवढंच.

पुढं कधीतरी मी गोदाला विचारलं, "तुला ती रीत ठावी होती? मुद्दाम केलंस?"

"मला काय ठावं," ती म्हणाली. "सूप जड होतं."

बाईनं त्या पावसाळ्यात रिकाम्या खड्ड्यात लिंब लावला. नाव सापडलं नव्हतंच, आणि पुढंही सापडलं नाही. बाळंतपणं करत राहिली, कानात नावं सांगत राहिली, बोळात शिरणाऱ्या बाप्यांना हाका मारत राहिली. मग वय झालं, सरकारनं परवाना वाढवला नाही, आणि ती जायला निघाली. येडशीला मीच सोडली. स्टेशनावर तिनं माझ्या बैलांना एकेकाला मान लववून म्हटलं, "आपली फार मेहरबानी." मला काही बोलायचं होतं, पण मला नीट बोलता येत नाही. म्हटलं, "बाई, तुमच्यामुळं माझं घर राहिलं."

"मी काही केलं नाही," ती म्हणाली. "धान्य शेवंताबाईंनी घातलं." सहीशिक्क्याच्या कागदासारखं खरं बोलायची ती, जाता जाता सुद्धा. गाडी सुटली. छोटी गाडी हळूच चालायची, म्हणून बराच वेळ टोपी दिसत होती.

शेवंता शिकली, लोहाऱ्याला मास्तरीण झाली, तिला दोन मुली आहेत. आबांचं शेवटचं सगळं तिनं केलं. तिच्या हातचं पाणी पिऊनच ते गेले.

आणि गोदा गेल्या वर्षी गेली. चार महिने अंथरुणाला होती. मी जवळच बसायचो, दुसरं कामच नव्हतं. एक दिवस मी तिचे पाय चेपत होतो, तर तिला मस्करी सुचली. म्हणाली, "तामलवाडीची आणली असती तर आज तुमचे पाय चेपायला कुणीतरी राहिलं असतं. माझ्यामागं काय करताल?"

मी म्हणालो, "गप पड."

ती हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, मी पाणी पाजलं, तरी हसतच होती. इतक्या वर्षांत तिला त्या गोष्टीवर अशी मोकळी हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. त्या बांधून ठेवलेल्या लुगड्यांचं तिनं मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण घरातून जावं लागेल ही धास्ती तिच्या मनातून पार गेलेली होती. गोदा माझ्या घरात घरधनीण म्हणून जगली आणि घरधनीण म्हणूनच गेली, दुसरीच्या संसारात कोपऱ्याला पडलेली म्हणून नाही. तेवढ्यासाठी मी त्या परक्या बाईचं नाव रोज घेतो. दुसरं कुणाचं घ्यायचं, ते मला सुचत नाही.